बादलीतला बांबू की रेडीमेड प्लास्टिक? क्रॅपीवाल्यांसाठी रिव्ह्यू

डॅलसकडे राहणाऱ्या आणि गळ टाकायचा नाद असलेल्या मंडळींसाठी लिहितोय, बाकीच्यांनी वाचलं नाही तरी चालेल. तळ्यात मासे, विशेषतः क्रॅपी (इथला गोड्या पाण्यातला चपटा, खायचा मासा), एका जागी जमावेत म्हणून पाण्याखाली जे फिश अट्रॅक्टर सोडतात, त्यातलं विकतचं प्लास्टिकचं घ्यावं की घरीच बादलीत बांबू रोवून बनवावं, एवढाच विषय. पूर्व टेक्सासात एका मित्राची जमीन आहे, तिच्यात त्याच्या मालकीचं बऱ्यापैकी मोठं तळं आहे, तिथे दोन्ही प्रकार टाकून बघितलेत. माझं मत बांबूला. पण अटी आहेत, त्या खाली येतील.

आधी हे लागतंच कशाला ते सांगतो. टेक्सासात कॅडो लेक सोडलं तर नैसर्गिक तळं असं जवळपास नाहीच, जे आहे ते सगळं धरणाचं पाणी. धरण भरतं तेव्हा बुडालेली झाडं सुरुवातीला माशांना आसरा देतात, मग हळूहळू कुजून जातात आणि तळ बोडका होतो. लेक फोर्क १९८० ला अडवलं तेव्हा बरीच झाडं मुद्दाम उभी ठेवली होती, आणि ते तळं बास माशासाठी किती गाजलं ते इथे कुणाला सांगायला नको, राज्याचा १८.१८ पौंडाचा रेकॉर्ड बास १९९२ मध्ये तिथेच लागला. मित्राच्या तळ्यात मात्र झाड सोडा, साधी काटकी नव्हती, तळ नुसता कढईसारखा. मासे होते, पण ते आज या काठाला तर उद्या त्या, शोधणार कुठे?

आता रेडीमेड. ऑनलाइन मागवला, नाव लिहीत नाही. बॉक्स मोठा, फोटो झकास, आत प्लास्टिकच्या लवचिक पट्ट्या आणि एक बेस. त्यातल्या एका पट्टीचं भोक बेसला जुळेचना. कस्टमर केअरला मेल केला तर फोटो पाठवा, मग बिल पाठवा, मग पुन्हा फोटो पाठवा, आणि त्यानंतर जी शांतता पसरली ती अजून आहे. शेवटी ड्रिलने भोक मोठं करून बसवली. तरी न्यायाने बोलायचं तर वस्तू वाईट नाही, कुजत नाही, गळ अडकत नाही, कारच्या डिकीत मावते. पण एकाच्या पैशात बांबूच्या सात-आठ बादल्या होतात आणि एकुलतं एक अट्रॅक्टर टाकून मासे फारसे जमत नाहीत, घोळकाच लागतो, तिथेच प्लास्टिकचं गणित बसत नाही.

बांबू इथे फुकट असतो हो. लोकांनी आडोसा म्हणून कुंपणाला गोल्डन बांबू लावलेला असतो, तो जमिनीखालून पसरत शेजाऱ्याच्या लॉनमध्ये उगवतो आणि मग दोघंही वैतागतात. तोडून नेतो म्हटलं की वर थंड पाण्याची बाटली हातात देतात. बादली पाच गॅलनची आणि काँक्रीटची गोणी ८० पौंडांची घ्या, ६० ची नको. ८० च्या गोणीचा साधारण १७ लिटर माल होतो, बादली जवळजवळ भरते. दोन्ही मिळून दहा-बारा डॉलर.

आता खरी गोम ऐका, कारण बहुतेकांचा बांबू इथेच गंडतो. भिजवलेल्या काँक्रीटची बादली चाळीसेक किलोची होते, उचलताना कंबर बोलते, म्हणून वाटतं आता ही कशाला तरंगतेय. पण पाण्यात गेल्यावर तिचं वजन १७ लिटर पाण्याएवढं कमी होतं, हातात राहतात बावीस-तेवीस किलो. आणि बांबूच्या प्रत्येक पेऱ्यात हवा कोंडलेली असते. अंगठ्याएवढे दहा बांबू असतील तर निभावतं, पण मनगटाएवढे जाड दहा बांबू लावलेत तर ती हवा अख्खी बादली उचलते आणि तुमचं अट्रॅक्टर तळ्यावर फेरफटका मारत फिरतं. म्हणून बांबू बारीकच घ्यायचे, आठ-दहा फुटांचे, आणि तरीही प्रत्येक पेऱ्याला ड्रिलने भोक पाडायचं. काम कंटाळवाणं आहे, सुटका नाही. दुसरं, हिरवा बांबू वाळला की आकसतो आणि काँक्रीटमधून सुळकन निघतो, त्यामुळे बुडाशी एक लांब स्क्रू आडवा घालून मगच रोवायचा. ओलं असताना बांबू बाहेरच्या बाजूला फाकवून दोरीने बांधून ठेवायचे, रात्रभरात बसतात. बादली तळ्यात सोडायची नसेल तर ओतण्याआधी आतून तेल लावा, नंतर गोळा निघतो आणि बादली पुढच्याला वापरता येते. मला स्वतःला तळ्यात प्लास्टिक टाकायला आवडत नाही, मी काढतो.

बुडवायला दोन माणसं आणि रुंद बोट पाहिजे. बादलीच्या कडीवर भरवसा ठेवू नका, ती उपटते, दोरी बांधून फळीवरून घसरवत सोडा. खोली पंधरा फुटांच्या आसपास बरी, म्हणजे शेंडे पाण्याखाली पाच-सहा फूट राहतात आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं तरी बोटीचा पंखा अडकत नाही. जास्त खोल टाकण्यात अर्थ नाही, टेक्सासच्या उन्हाळ्यात खालच्या थरात ऑक्सिजन उरत नाही आणि मासे वरच राहतात. जागेचं जीपीएस तिथल्या तिथे मार्क करा.

मग थोडे आठवडे वाट बघायची. एकदा एक तुटलेला बांबू हुकने वर ओढला तर हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर, त्यावर मोहरीएवढ्या गोगलगायी आणि वळवळणारे बारके किडे. हे खायला बारकी मासळी येते, तिच्यामागे क्रॅपी. बांगलादेशात याच थराच्या जोरावर तळ्यात बांबू रोवून रोहू वाढवतात, तेव्हा ही अमेरिकन आयडिया वगैरे म्हणू नका.

गळ टाकायची मजा मात्र बांबूचीच. छोटं जिग (शिशाचं डोकं असलेला आमिषाचा गळ) सरळ खाली सोडायचं, बांबूला लागलं की दांडीतून हाताला टक् कळतं, जरा उचललं की गुळगुळीत सालीवरून सुटून येतं. बुडवलेल्या सीडरच्या झाडाच्या फांद्यांमध्ये अडकून जिगांची जी स्मशानभूमी होते ती इथे होत नाही. मासा चढतो तेव्हा टक् नसतं, दोरा नुसता सैल पडतो, कारण क्रॅपी खालून येऊन आमिष वर उचलतो. राज्याचा साधारण नियम क्रॅपी किमान १० इंचांचा हवा आणि दिवसाला जास्तीत जास्त २५, असा आहे, पण काही तळ्यांचे वेगळे आहेत, बघून जा. फिले काढून रवा लावून तळा, काटा शोधूनही सापडत नाही, घरच्या सुरमईवाल्यांनी पण नाव ठेवलेलं नाही.

उणं म्हणाल तर बांबू कायमचा नाही, आधी बारीक शेंडे मोडतात, काही वर्षांनी नवीन टाकावे लागतात. तिथे प्लास्टिक जिंकतं. आणि हे सगळं खाजगी तळ्यासाठी बरं का! लुईसव्हिल, लॅव्हन, ग्रेपव्हाइन ही आर्मी कोअरची (लष्कराच्या इंजिनियर खात्याची) तळी आहेत, तिथे परवानगीशिवाय काही बुडवायचं नाही. तसंही राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्यावाल्यांनी अनेक तळ्यांत स्वतःची अट्रॅक्टर टाकून त्यांची जीपीएस ठिकाणं वेबसाइटवर दिलीत, खाजगी तळं नसलेल्यांनी तिथूनच सुरुवात करावी, खर्च शून्य.

मला पुढच्या खेपेसाठी अजून बांबू लागणार आहे. प्लॅनो-फ्रिस्कोकडे कुणाच्या कुंपणात माजला असेल तर कळवा, तोडायचं सामान घेऊन मीच येतो.