इंबरबस: वर्षातून एकदाच धावते, पण पैसे वसूल

मागच्या ऑगस्टमध्ये बाबा इकडे इंग्लंडला आलेले. म्हटलं स्टोनहेंज काय सगळेच बघतात, तुम्हाला बसने फिरवतो. बाबा अख्खी नोकरी एसटीत कंडक्टर, त्यामुळे हे ऐकून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस.

तर ही इंबरबस. ऑगस्टमधला एक शनिवार, दक्षिण इंग्लंडातल्या वॉर्मिन्स्टर स्टेशनच्या बाहेरून लंडनच्या जुन्या लाल डबलडेकर (रूटमास्टर) सुटतात, नंबर २३ए. २००९ मध्ये काही बसवेड्या लोकांनी हे चालू केलं, त्यात पीटर हेंडी पण, म्हणजे लंडनच्या अख्ख्या वाहतुकीचा जो साहेब होता तो! आम्ही गेलो तेव्हा १० पौंडात दिवसभर कितीही वेळा चढा-उतरा असं होतं, आणि पैसे चॅरिटीला जातात.

बस जाते इंबरला, आणि इंबरमध्ये कोणीच राहत नाही. सॅलिसबरी प्लेन नावाच्या पठाराच्या मधोमध हे एवढंसं गाव, १०८६ च्या सरकारी मोजणीत ७ घरं, १८५१ ला ४४० माणसं, मग उतरतच गेलं. लष्कराने आधीच आसपासची जवळजवळ सगळी जमीन विकत घेऊन ठेवलेली, लोक तिथे भाडेकरू म्हणून राहायचे, त्यामुळे १ नोव्हेंबर १९४३ ला शाळेत सगळ्यांना बोलावून सांगितलं की १७ डिसेंबरपर्यंत गाव रिकामं करा, अमेरिकन सैनिकांना सराव करायचाय, तेव्हा कोणाला काही बोलताच आलं नाही. ४७ दिवस! लढाई संपली की परत येऊ असंच लोक धरून चाललेले. अजून कोणी आलेलं नाही. १९६१ ला मोठा मोर्चा पण निघाला, उपयोग शून्य. गावचा लोहार ऐरणीवर डोकं ठेवून रडत होता आणि थोड्याच दिवसात वारला असं सांगतात.

आता तिथे जुनी घरं बघायला मिळतील म्हणून जाऊ नका, मी तसाच गेलो आणि पाच मिनिटं नुसता इकडेतिकडे बघत उभा. बहुतेक आहेत ती सैन्याने सरावासाठी बांधलेली विटांची खोकी, ना दारं ना काचा. रस्ता सोडून जायचं नाही, न फुटलेल्या बॉम्बच्या पाट्या आहेत, लहान पोरं असतील तर हात सोडू नका. खरं बघायचं ते सेंट जाइल्स चर्च. आत भिंतीवर घंटा कुठल्या क्रमाने वाजवायच्या ते सतराव्या शतकात रंगवून ठेवलंय, ते अजून दिसतं. घंटा मात्र नाहीत, त्या केव्हाच दुसरीकडे हलवल्या.

टिप: खायचं घरून न्या. आम्ही आदल्या रात्री वॉर्मिन्स्टरमध्ये एका ठिकाणी जेवलो, त्याबद्दल न बोललेलं बरं. पठारावर वारा भयंकर, ऑगस्ट आहे म्हणून स्वेटर घरी ठेवू नका.

बाबांना चर्च ठीकठाक वाटलं. त्यांचं सगळं लक्ष कंडक्टरकडे, कारण तिकडेही दोरी ओढूनच बेल, एक मारली की थांब, दोन मारल्या की चल, डिट्टो एसटी. मी कंडक्टरला सांगितलं हे पण तुमच्याच लाइनचे. तो हसला आणि बाजूला सरकला. इंबरहून निघताना डबल बेल बाबांनी मारली.