फायबरचा टप उतरवला, कापडी हूड चढवला: एमएम ५४० सोबतचे अकरा महिने

जीप गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी आली, आता मे संपत आलाय. मधल्या काळात ७,४०० किलोमीटर पडले, कोकणातला एक अख्खा पावसाळा झाला, हिवाळ्यात दोनदा कुंभार्ली घाट चढून कराडला जाऊन आलो आणि आंब्याचा हंगामही उरकला. हूड नवा असताना लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं. आता काय टिकलं आणि काय पुन्हा करावं लागलं, ते खात्रीने सांगता येतं.

गाडी १९९२ ची महिंद्रा एमएम ५४०. इंजिन मूळचंच, प्यूजोचं एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, २,११२ सीसी, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. आमच्या भागात त्या काळात वडापला जीप, वऱ्हाडाला जीप, रात्री-अपरात्री पेशंट चिपळूणला न्यायचा तरी जीपच. पाचवीत असताना मला ताप चढला होता, तेव्हा मागच्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी अशाच जीपमधून गेलो होतो. हूडची फडफड आणि चेहऱ्यावर येणारा गार वारा तेवढा आठवतो. घेतली तर जीपच आणि तीही कापडी हूडची, हे फार आधीपासून डोक्यात होतं.

मिळाली ती चिपळूणमध्ये. २२ जुलै २०२१ च्या पुरात ती बाजारपेठेत उभी होती आणि टपापर्यंत पाण्यात गेली होती. मालकाने इंजिन खोलून, साफ करून चालू केलं होतं. पुराची गोष्ट त्यांनी न लपवता सांगितली, म्हणूनच व्यवहार केला. डोक्यावर फायबरचा जाड टप, म्हणजे कडक छत होतं, त्यांच्याही आधीच्या मालकाने बसवलेलं.

इथे एक गोष्ट नीट वाचा. पैसे देण्याआधी मी आरसी बुक पाहिलं. त्यावर बॉडीचा प्रकार सॉफ्ट टॉप असाच होता. म्हणजे फायबरचा टप हाच बदल होता आणि मी गाडी मूळ रूपात परत नेत होतो. तुमच्या आरसीवर हार्ड टॉप असेल तर गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. तेव्हा आधी आरटीओत विचारा, मग पाना हातात घ्या. रंगाचंही तसंच. फौजी हिरवा, म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, खासगी गाडीला लावता येत नाही, तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. माझी गाडी मूळची पांढरी, पांढरीच ठेवली. हूड मातकट खाकी.

टप उतरवला तो दिवस मी विसरणार नाही. अठरा बोल्ट, त्यातले अकरा ग्राइंडरने कापावे लागले. चौघांनी धरून टप वर उचलला आणि बॉडीच्या काठावर, टपाखाली दाबलेल्या काळ्या सीलंटच्या पट्टीखाली ओली माती दिसली. पुराला तीन वर्षं होऊन गेली होती आणि आम्ही एप्रिलच्या उन्हात उभे होतो, तरी माती ओली. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला. टेकवला म्हणजे खरंच नुसता टेकवला, तो पत्र्यातून आरपार गेला. ड्रायव्हरच्या मागचा कोपरा, मागच्या फाळक्याची दोन्ही टोकं आणि डाव्या बाजूचा जवळजवळ दोन हात काठ, सगळा पापडासारखा. बाहेरून बघाल तर रंग चकचकीत.

मी तोवर हूडवाल्या चाचांना अॅडव्हान्स देऊन मोकळा झालो होतो. मिस्त्री म्हणाले, "कापडाचं नंतर बघू. आधी हे कापड अडकवणार कशाला ते सांगा." मग चाचांना फोन करून दीड महिना थांबायला सांगितलं. त्यांनीही काही कुरकुर केली नाही. "बॉडी तयार झाली की गाडीच आणा, मापं गाडीवरच घेणार," म्हणाले.

पुढचा दीड महिना चासी आणि पत्र्यातच गेला. चासीच्या भोकातून जाड तार घालून खरवडलं तर वाळका गाळ पडायला लागला. करडा, बारीक, पिठासारखा. दोन्ही बाजूंनी मिळून जवळपास दीड घमेलं निघालं. वाशिष्ठी नदीचा गाळ, तीन वर्षं चासीच्या पोटात बसून दर पावसाळ्यात ओल धरत होता. दाबाच्या पाण्याने दोन्ही टोकांकडून धुतलं, चार दिवस उन्हात ठेवलं, मग आत मेणासारखं गंजरोधक मारलं. आपल्याकडे चासीला जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. मी मारू दिलं नाही. ते पाट्यांच्या रबरी बुशांवर उतरतं आणि रबर फुगतं, मऊ पडतं. कुजलेला पत्रा कापून १८ गेजचा नवा पत्रा वेल्ड केला. लांबी, म्हणजे पुट्टी, थापून वेळ मारून नेली असती तर निम्म्या पैशात झालं असतं आणि यंदाच्या पावसात परत उघडं पडलं असतं.

दोन्ही डिफरन्शियलमधलं, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्यांमधलं, तेल चहासारखं निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं. मागच्याचे बेअरिंग बदलले, पुढच्याचे वाचले. पुढच्या नकलचे सील, व्हील सिलिंडर, ब्रेकचे सगळे पाइप नवे. हीटर प्लग चारही नवे, पंप आणि नोझल कॅलिब्रेट करून घेतले. वायरिंग पूर्ण काढून नवं टाकलं, कारण पुरातून निघालेल्या वायरिंगवर माझा विश्वास नव्हता आणि अजूनही नाही. इंजिनाला बाकी हात लावला नाही.

आता हूड.

कमानी गायबच होत्या. एक इंची पाइप वाकवून नव्या केल्या. मधली कमान कडेच्या कमानींपेक्षा दोन बोटं उंच ठेवा, असा चाचांचा आग्रह. मला वाटलं दिसायला बरं म्हणून. जुलैमध्ये कळलं. एका लग्नाला गेलो असताना शेजारी दुसरी जीप उभी होती, तिच्या सपाट हूडवर बादलीभर पाणी साचून पोट लोंबत होतं. माझ्या हूडवरून पाणी निघून जात होतं.

कापड कोणतं, यावर आमची बरीच चर्चा झाली. रेक्झिन स्वस्त, लगेच वॉटरप्रूफ, पुसलं की साफ. पण उन्हात तापतं, आत कोंदट होतं आणि दोन-तीन वर्षांत घडीवर चिरतं. मी मेणवलेला सुती कॅनव्हास घेतला. जड आहे, महाग आहे, पण श्वास घेतो. धाग्याबद्दल चाचांनी सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. नुसता पॉलिस्टर धागा वापरला तर सुईचं भोक उघडंच राहतं. सुती वेटण असलेला धागा पाण्याने फुगतो आणि स्वतःच भोक बुजवतो. म्हणून पहिल्या पावसात गळलं तर घाबरू नका म्हणाले. तसंच झालं. मिरगाच्या पहिल्या सरीत शिवणीशिवणीवर थेंब धरले होते. दोन-तीन वेळा चिंब भिजून सुकल्यावर शिवणी बंद झाल्या. पुढे आर्द्रात तीन दिवस संततधार होती तेव्हा छतातून एक थेंब आला नाही.

छतातून नाही, पण काचेच्या चौकटीतून आला. हूडचा पुढचा काठ काचेच्या चौकटीवरच्या पट्टीत अडकतो. टप बसवणाऱ्याने ती पट्टी घासून काढली होती आणि चौकटीला पाच भोकं पाडली होती. भोकं बुजवली, पट्टी नवी लावली, तरी वेगात असताना समोरचा पाऊस सांध्यातून आत ढकलला जायचा आणि शेजारी बसलेल्याच्या गुडघ्यावर बरोबर धार. महिनाभर आई मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसली. शेवटी चाचांनी पुढच्या काठाला चार बोटं रुंद पाकळी शिवून दिली, ती काचेवर झुकते आणि टिच बटणांनी बसते. तेव्हापासून कोरडं. शिवून घेणार असाल तर ही पाकळी पहिल्यापासूनच सांगा.

माझ्या हातून झालेली मोठी चूक ऑगस्टमधली. दुपारी ऊन पडलं म्हणून हूडच्या बाजूचे पडदे गुंडाळून पट्ट्यांनी बांधले आणि तशीच गाडी चार दिवस शेडमध्ये उभी राहिली. उघडले तर आत काळे ठिपके. बुरशी. मऊ ब्रशने घासून, उन्हात वाळवून कमी झाले, पण डाग गेले नाहीत. आता कितीही घाई असली तरी ओलं कापड गुंडाळत नाही. शेडमध्ये पंखा लावून ठेवतो. खिडक्यांच्या पारदर्शक प्लास्टिकचीही काळजी घ्यावी लागते. धूळ कोरड्या फडक्याने पुसली की ओरखडे पडतात, मग रात्री समोरच्या दिव्यांनी काहीच दिसत नाही. आधी पाणी ओतायचं, मग हात लावायचा. मागची खिडकी मे महिन्याच्या उन्हाने आत्ताच पिवळसर दिसायला लागलीय.

चालवण्यात काय फरक पडला, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काढलेला टप भंगारवाल्याच्या काट्यावर घातला, ७४ किलो भरला. हूड, कमानी, बाजू सगळं मिळून त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही आणि हे वजन गाडीच्या डोक्यावरचं. गाडी ताब्यात घेतली तेव्हा टपासकट कुंभार्लीच्या वळणांवर एकदा नेली होती, बाहेरच्या बाजूला अशी कलायची की मी नकळत उलट्या बाजूला झुकायचो. आता तीच वळणं शांतपणे घेते. दुसरा फरक कानांचा. फायबरखाली इंजिनाचा आवाज घुमायचा, बोलायचं तर ओरडावं लागायचं. आता चाळीसच्या वेगात मागच्या बाकावरचा माणूस साध्या आवाजात बोलतो. साठच्या पुढे मात्र कापडाची फडफड सुरू होते आणि सत्तरला गप्पा बंद. हायवेला रोज जायचं असेल तर हा हूड तुमच्यासाठी नाही.

आमच्या आंब्याच्या बागेतला रस्ता शेवटचा दोन किलोमीटर कच्चा, जांभ्याचा. पावसात वर शेवाळ आणि खाली चिखल. फोर व्हीलमध्ये पुढच्या चाकांनाही ओढ मिळावी म्हणून जूनमध्येच त्यांचे हब लॉक करून ठेवले ते ऑक्टोबरला सोडले. एकदा भर पावसात उतारावर मागचं चाक कडेच्या चरात गेलं. बाजू उघड्या होत्या म्हणून वाकून चाक कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघता आलं. फोर व्हील लो टाकला, पहिला गिअर, पाय अॅक्सिलरेटरवरून पूर्ण काढला आणि इंजिनाच्या नुसत्या ओढीवर गाडी सावकाश वर आली. टपात बसून मी अंदाजाने रेस केली असती आणि आणखी खोल गेलो असतो.

सुरक्षेबद्दल सरळ सांगतो. गाडी उलटली तर कापड कुणालाही वाचवत नाही. मुलांना मागच्या आडव्या बाकांवर बसवून मी फक्त बागेपर्यंत नेतो, डांबरी रस्त्यावर नाही. पुढच्या दोघांना बेल्ट सक्तीचा. चोरीचंही तेच, कुलूप लावायला काही उरत नाही. मागच्या बाकाखाली लोखंडी पेटी वेल्ड करून घेतली, कागद, जॅक आणि पाने त्यात.

खर्च: गाडी १ लाख ६५ हजार, पत्रा, चासी, ब्रेक, वायरिंग आणि डिफरन्शियल मिळून २ लाख ८० हजार, हूड कमानींसह २६ हजार. लोक मला फक्त हूडचा आकडा विचारतात. खरा आकडा मधला आहे आणि टप उचलल्याशिवाय तो कुणालाच सांगता येत नाही. सरासरी लिटरला ११ किलोमीटरच्या आसपास मिळते, घाटात ९.

आईला फायबरच्या टपात डिझेलच्या वासाने मळमळायचं, म्हणून सुरुवातीला ती बसायला तयारच नव्हती. या हंगामात आंब्याचे क्रेट मागे आणि ती पुढे, डोक्यावरून पदर घट्ट घेऊन, जवळजवळ रोज बागेत आली.

डाव्या बाजूच्या पडद्याची चेन मार्चपासून अडकते आहे आणि मागच्या कोपऱ्यातली शिवण घासून पातळ झालीय, तिथे आतून कातड्याचं ठिगळ लावायचं आहे. चाचांकडे शनिवारी नंबर लावलाय. पाऊस येण्याआधी ते काम होतंय.