जळगावच्या कृषी प्रदर्शनातून घेतलेलं आयोवाचं कॅलेंडर, सहा महिने भिंतीवर लावून मग लिहितोय

डिसेंबरात जळगावला कृषी प्रदर्शन लागलं होतं तिथून हे 2026 चं कॅलेंडर घेतलं, 150 रुपयांना. अमेरिकेत आयोवा म्हणून राज्य आहे, तिथली बारा माणसं बारा पानांवर, पुढे फोटो आणि तारखा, मागे मराठीत माहिती. विकणारा पोरगा आपल्याच भागातला, तिकडे आयोवातल्या एम्स गावच्या कॉलेजात शेतीचं शिकून आलेला. मी म्हटलं आपल्याला अमेरिकेची माणसं घेऊन काय करायचं भाऊ, तर म्हणाला, "काका, मका न् सोयाबीनचं राज्य आहे ते, एक पान वाचून बघा, मग ठरवा." उभ्या उभ्या मार्चचं पान वाचलं आणि पैसे काढून दिले.

मार्चला नॉर्मन बोरलॉग आहेत. 25 मार्च 1914 चा जन्म, क्रेस्को गावाजवळच्या शेतकरी घरातला, शाळा एका खोलीची. पूर्वीचा गहू उंच वाढायचा, खतपाणी जास्त दिलं की ओंबीच्या वजनाने लोळायचा, या माणसाने मेक्सिकोत राबून जपानी बुटक्या गव्हाशी संकर करून आखूड ताटाचा गहू उभा केला. 1966 ला आपल्या सरकारने त्याचं 18 हजार टन बियाणं मागवलं. आमचे आप्पा सांगायचे की तो गहू लाल होता, पोळी कोणाला आवडायची नाही, पण पोतं भरायचं. यंदा मार्चमध्ये शिवारात हार्वेस्टर फिरत होतं आणि घरात भिंतीवर हा माणूस, मला तर रोज बघून भरून यायचं. 1970 ला नोबेल मिळालं ते शांततेचं. एक गोष्ट मात्र पानावर यायला हवी होती, त्यांनीच 1986 ला जागतिक अन्न पुरस्कार सुरू केला, 1987 चा पहिला आपल्या स्वामिनाथनांना आणि 1998 चा जालन्याच्या बियाणं कंपनीवाल्या बद्रीनारायण बारवालेंना मिळालाय. मराठी कॅलेंडरात जालना सुटतं म्हणजे काय!

सध्या जून चालू आहे आणि जूनच्या पानासाठीच मी हे लिहायला बसलो. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. मराठी वाचणाऱ्याला हे नाव नवीन नाही, पण आपण त्यांना भुईमुगासाठी ओळखतो, आयोवाचा भाग कमी माहीत असतो. बाकीची बरीचशी माणसं जन्माच्या महिन्यात टाकलीत, यांची जन्मतारीखच कोणाला माहीत नाही, गुलाम आईच्या पोटी मिसुरीत जन्मलेल्या पोराची नोंद कोण ठेवणार, म्हणून यांना कपाशी लावायच्या महिन्यात बसवलंय. ज्याने हे ठरवलं त्याला माझा नमस्कार. 1890 ला इंडियनोलाच्या सिम्पसन कॉलेजात ते चित्रकला आणि पियानो शिकायला गेले, तिथल्या चित्रकलेच्या बाई एटा बड, त्यांचे वडील एम्सच्या शेती कॉलेजात फळबागेचे प्रोफेसर, या पोराला झाडाझुडपातलं किती कळतं हे बाईंनी ओळखलं आणि तिकडे पाठवलं. 1891 ला त्या कॉलेजातले ते पहिले काळे विद्यार्थी, 1896 ला एमएस होऊन अलाबामात टस्कीगीला गेले. तिथे कपाशीवर कपाशी घेऊन जमिनी थकलेल्या, त्यांनी लोकांना भुईमूग, चवळी घ्यायला लावलं, कारण मुळांच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत धरतात. आपण ज्याला बेवड म्हणतो तेच ना हे. आमच्याकडे भुईमुगाच्या बेवडावर कपाशी कशी येते ते कोणीही बांधावरून सांगेल, तरी सगळं शिवार दरवर्षी पांढरंच. फोटोत कोटाला फूल खोचलेलं आहे. माझी मुलगी म्हणाली बाबा यांनी फूल का लावलंय, मी म्हटलं त्यांना आवडायचं म्हणून, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तिने जास्वंदाचं फूल दप्तराला खोचून नेलं.

आणि याला जोडून ऑक्टोबरचं पान वाचाच. हेन्री वॉलेस, एम्सच्या एका प्रोफेसरचा लहान मुलगा, त्याला सोबत घेऊन कार्व्हर रानात झाडं दाखवत फिरायचे. हाच मुलगा पुढे 1926 ला संकरित मक्याची कंपनी काढतो (यंदा बरोबर 100 वर्षं झाली, तीच पुढे पायोनियर झाली, दुकानात पिशव्या बघतोच आपण), 1933 ला अमेरिकेचा कृषिमंत्री आणि 1941 ला उपराष्ट्राध्यक्ष. संकर कसा करतात तेपण चित्र काढून दाखवलंय, नराची ओळ, मादीची ओळ, मादीचे तुरे पराग सुटायच्या आत खुडायचे. ज्यांनी सीड प्लॉट घेतलाय त्यांना शिकवायला नको, पण संकरित पिकातलं घरी राखलेलं बी दुसऱ्या वर्षी का मार खातं हे ज्यांना अजून कळत नाही त्यांनी हे पान दोनदा वाचावं.

बाकी पानं बरी आहेत. जानेवारीत कॅरी चॅपमन कॅट, 1880 च्या पदवीच्या वर्गात एकटी मुलगी, बायकांना 1920 ला मताचा हक्क मिळाला त्या लढ्यातली पुढारी. फेब्रुवारीत ग्रँट वूड, त्यांचं ते 1930 चं चित्र, तीन दात्यांचं दाताळं धरलेला म्हातारा न् शेजारी बाई, त्यात म्हातारा म्हणून उभे राहिलेले त्यांचे दाताचे डॉक्टर आणि बाई म्हणजे सख्खी बहीण. मे महिन्यात नट जॉन वेन, ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष हूवर, सप्टेंबरला पृथ्वीभोवतीचे किरणोत्साराचे पट्टे शोधणारे व्हॅन ॲलन. हूवरच्या पानावर 1929 ची मंदी एका ओळीत उरकलीय, ते पटलं नाही.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. राज्याचं नाव ज्या आयोवे जमातीवरून पडलं त्यांचं, किंवा तिथल्याच मेस्क्वाकी जमातीचं, एकसुद्धा पान नाही. मेस्क्वाकींनी 1857 ला टामा काउंटीत आयोवा नदीकाठी स्वतःचीच 80 एकर जमीन पैसे देऊन परत विकत घेतली, आजही ते तिथे आहेत. त्याच काळात इकडे सातपुड्यात भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक इंग्रजांशी लढत होते. हे वाचून खानदेशातला माणूस थांबला नसता का? नट काढून हे पान टाकलं असतं तर मी 300 रुपये दिले असते.

वापरायच्या दृष्टीने सांगतो. तिथी नाही, एकादशी-चतुर्थी नाही, त्यामुळे आईने शेजारी दुसरं कॅलेंडर लावलंच. चौकटी लहान, दुधाचा हिशोब लिहिता येत नाही. वरची रिंग एप्रिलमध्येच वाकली. कागद मात्र जाड आहे, फोटो स्वच्छ. माझ्या प्रतीत नोव्हेंबरच्या जागी सप्टेंबर दोनदा आलं होतं, व्हॉट्सॲपवर फोटो टाकला तर आठ दिवसांत एसटी पार्सलने पूर्ण नवीन कॅलेंडर चोपड्याला आलं, एक पैसा घेतला नाही, जुनंही परत मागितलं नाही.

पाचपैकी चार. जुनी प्रत मी गावातल्या झेडपी शाळेत दिली, नोव्हेंबर हाताने आखून. पुढच्या वर्षीसाठी त्या पोराला मेस्क्वाकींचं आणि दुधाच्या चौकटीचं दोन्ही फोनवर सांगितलंय, लिहून घेतो म्हणाला.