परसात गावठी की ग्रामप्रिया?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या परसात दोन्ही जातींच्या कोंबड्या आहेत. अंड्यांचा हिशेब केला तर ग्रामप्रियाच पुढे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेली ही संकरित जात अंडी घालण्याच्या पहिल्या वर्षात दीडशेच्या वर अंडी देते. गावठी साठ-सत्तरावर थांबते, तीही लहान.

पण ग्रामप्रिया सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. पिल्ले हवीत तर ती विकत आणा. तिच्याच अंड्यांवर गावठी बसवली तर एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात खरी, पण ती संकराची पुढची पिढी. आईइतकी अंडी देतील याची खात्री नाही. गावठीला हा प्रश्नच नाही. ती बसते, उबवते, घार दिसली की पिल्लांना पंखाखाली घेते.

मे महिन्यात दोन्हींकडे बघा. दमट उकाड्यात भारी अंगाची कोंबडी आधी चोच उघडून धापा टाकते. गावठी हलकी, फणसाखाली माती उकरून गार खळग्यात पडून राहते. तिच्यात उघड्या मानेची मिळाली तर सोडू नका. पिसे कमी असल्याने अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. दिसायला ध्यान आहे, एवढेच!

रंगावरून ओळखायला जाल तर फसाल, दोन्ही रंगीबेरंगी. अंडे बघा: ग्रामप्रियाचे मोठे, तपकिरी, गावठीचे लहान, फिकट.

मी तरी आठ ग्रामप्रिया, तीन गावठी कोंबड्या आणि एक गावठी कोंबडा ठेवतो. शाकुतीला, म्हणजे आमच्या गोव्याच्या मसालेदार रश्श्याला, मात्र गावठीच.