आय५ अडला, आय३ चालला : विंडोज ११ वरचे आठ महिने

इंदूरला राजवाड्यापासून जवळच आमचे घर आहे आणि लग्नपत्रिका जुळवण्याचे माझे काम घरूनच चालते. घरात दोन डेस्कटॉप आहेत : माझ्या कामाचा इंटेल आय५-७४०० आणि मुलाच्या अभ्यासाचा आय३-८१००. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार असल्यामुळे दोन महिने आधीच मी यंत्रावर विंडोज ११ चालेल का हे सांगणारी ‘पीसी हेल्थ चेक’ ही मायक्रोसॉफ्टची तपासणी दोन्हींवर चालवली. आय५ महागाचा, तेव्हा तो सहज चालेल अशी माझी समजूत होती.

दोन्ही नापास झाले, पण कारणे वेगळी होती, आणि सगळी मेख तिथेच आहे. आय५ बाबत प्रोसेसरच चालत नसल्याचा शेरा होता. या नावांतल्या रेघेनंतरचा पहिला आकडा पिढी सांगतो. ७४०० सातव्या पिढीचा, ८१०० आठव्या, आणि मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ साठी मान्य असलेल्या इंटेल प्रोसेसरांची यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. हे दोन्ही प्रोसेसर २०१७ सालचेच, तरी एक आत आणि एक बाहेर! जेलरोडवरच्या एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी आय५ मध्ये एसएसडी (वेगवान डिस्क) आणि जास्तीची रॅम घातली. यंत्र पळू लागले, शेरा मात्र तोच राहिला. आठव्या पिढीचा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसवावा म्हटले, तर सॉकेटचे, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेचे, नाव ११५१ हेच असूनही आय५ चा २०० मालिकेचा बोर्ड तो स्वीकारत नाही.

आय३ चा दोष फक्त सेटिंगचा होता. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय सापडत नाही असे दिसल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन इंटेल पीटीटी, म्हणजे प्रोसेसरबरोबरच येणारे टीपीएम, चालू केले. सिक्युअर बूटसाठी (यंत्र सुरू होताना फक्त खात्रीचीच प्रणाली चालू देणाऱ्या सोयीसाठी) मात्र अर्धा दिवस गेला, कारण डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती आणि या सोयीला नवी जीपीटी पद्धत लागते. आधी सगळ्या फाइलींची प्रत काढून मग एमबीआरटूजीपीटी या विंडोजमधल्याच साधनाने ती बदलली आणि बूट यूईएफआयवर, म्हणजे यंत्र सुरू होण्याच्या नव्या पद्धतीवर, आणले. मग त्यावर विंडोज ११ चढवले.

त्यानंतर यंत्रांची अदलाबदल केली. आठ महिने माझे काम आय३ वर चालले आहे. ८ जीबी रॅमवर कोरलड्रॉ आणि ब्राउझर एकत्र उघडले की तो रेंगाळत असे, १६ जीबी केल्यावर तक्रार उरली नाही. उजव्या क्लिकचा अर्धा मेनू आत दडवून ठेवला आहे, त्याचा वैताग मात्र अजून येतो.

आय५ वर तपासणीला बगल देऊन विंडोज ११ घालता येते. एका वेगळ्या डिस्कवर मी ते करूनही पाहिले आणि ते चालले. परंतु मान्य नसलेल्या यंत्राला अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून मी ती डिस्क काढली. मुलाकडचा आय५ आता विंडोज १० वरच आहे, विस्तारित सुरक्षा अद्यतनांसाठी नोंदवलेला. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. त्याआधी बोर्ड आणि प्रोसेसर बदलायचे ठरले आहे, एसएसडी तेवढी तीच वापरू.