फायनल चुकली तरी चालेल, गटसामने चुकवू नका

सुवाला, म्हणजे फिजीच्या राजधानीत, राहायला येणाऱ्या एका मैत्रिणीने परवा फोनवर विचारलं, "मुलींच्या त्या फुटबॉल स्पर्धा असतात तुमच्याकडे, जाण्यासारख्या असतात का गं? एक नाव ओळखीचं नाही." तिला अर्धा तास सांगत बसले. तेच जरा नीट लिहून काढते आहे, म्हणजे आणखी कुणाला उपयोगी पडेल.

मी सांगते आहे ती 2023च्या जून-जुलैमध्ये सुवात झालेली ओशनिया फुटबॉल महासंघाची, म्हणजे न्यूझीलंड आणि पॅसिफिकमधल्या बेटदेशांची, एकोणीस वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा. तिचं मैदान, एचएफसी बँक स्टेडियम, सुवाच्या लौथाला बे भागात आहे, विद्यापीठाला अगदी लागून. नवऱ्याची नोकरी विद्यापीठातच, त्यामुळे लेकीला शाळेतून आणायचं, डबा खायला घालायचा आणि चालत मैदानावर, असा आमचा क्रम होता. सात सामने पाहिले. पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा का कापला ते पुढे येईल.

आधी हे समजून घ्या की हे सगळे देश किती लांब लांब विखुरलेले आहेत. नकाशावर ठिपके शेजारी दिसतात, पण मध्ये नुसता समुद्र. ताहिती किंवा कुक आयलंड्समधून फिजीला यायचं म्हणजे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते. ताहितीचं घड्याळ आपल्या सुवाच्या बावीस तास मागे. सोमवारी निघालेली मुलगी काही तासांच्या प्रवासानंतर मंगळवारात उतरते. इतक्या लांबचं विमानभाडं भरून पोरींचा अख्खा संघ पाठवणं छोट्या देशांना वारंवार परवडत नाही. कुक आयलंड्सची लोकसंख्या पंधरा हजारांच्या आसपास आहे. आपल्याकडे एखाद्या मोठ्या गावाची असते तेवढी. त्यामुळे यातल्या कितीतरी मुलींना परक्या देशाशी खेळायची संधी इथेच मिळते, आणि त्या ती जीव ओतून खेळतात. हे स्टँडमध्ये बसून दिसतं. टीव्हीवर दिसेल असं मला वाटत नाही.

एक प्रसंग सांगते. गटातला सामना होता. देशांची नावं लिहीत नाही, कारण मुलगी अजून लहान आहे आणि तिचा संघ त्या दिवशी वाईट हरत होता. दुपारी पाऊस पडून गेला होता, गोलपोस्टसमोरचं गवत चिखलात मिसळलेलं. आम्ही नेमके त्याच गोलच्या मागे, खालच्या ओळीत. पाचवा गोल झाला, गोलकीपरने जाळ्यातून चेंडू काढला आणि मध्यावर फेकला, कुणाकडेही न बघता. मग खाली पाहिलं तर बुटाची लेस सुटलेली. हातात ते जाडजूड ग्लोव्ह्ज, बोटं वळेनात. तिने दोनदा प्रयत्न केला. तेवढ्यात डाव्या बाजूची डिफेंडर धावत आली, चिखलात गुडघा टेकला आणि तिची लेस बांधायला लागली. दुहेरी गाठ मारली, वर एक फटका मारला बुटावर, जणू घोड्याला थोपटावं तसा. गोलकीपर तिच्या डोक्यावर ग्लोव्ह ठेवून उभी. पंचबाई शिट्टी तोंडात धरून थांबल्या होत्या. घाई केली नाही त्यांनी. पुढच्या दहा मिनिटांत त्या गोलकीपरने दोन चेंडू असे अडवले की दुसऱ्या संघाचे पाठीराखेसुद्धा उठून उभे राहिले.

लेक म्हणाली, "आई, हरतायत ना त्या? मग टाळ्या का वाजवतायत सगळे?" मी म्हटलं, "तू पण वाजव."

आता पाठीराख्यांबद्दल, कारण माझ्या मते या स्पर्धेची अर्धी मजा तिथेच आहे. विद्यापीठ एका देशाचं नाही, पॅसिफिकमधल्या बारा देशांचं मिळून आहे. सामोआ, टोंगा, वानुआतू, सॉलोमन आयलंड्स, तुवालू, किरिबाती, सगळीकडची मुलं इथे शिकायला असतात. संध्याकाळी लेक्चर संपलं की ती झेंडे आणि ढोलकं म्हणून प्लास्टिकचे डबे घेऊन थेट मैदानात. आमच्या मागे सॉलोमनची आणि वानुआतूची पोरं एकत्र बसायची. सॉलोमनची पिजिन आणि वानुआतूची बिस्लामा या भाषा सख्ख्या बहिणींसारख्या. तो त्याच्या बोलीत ओरडायचा, हा याच्या, आणि दोघांना सगळं कळायचं. मला तर कोकणी आणि मालवणी ऐकल्यासारखं वाटायचं. तुवालूचा एक मुलगा रोज येई. तुवालू अजून फिफाचा सदस्य नाही, ओशनिया महासंघातही नुसता सहयोगी, त्यामुळे त्याच्या देशाचा संघ असण्याचा प्रश्नच नव्हता. तो म्हणाला, "ज्याच्याकडे कमी माणसं असतील त्याच्यासाठी मी ओरडतो." आणि खरंच तसाच ओरडायचा, घसा बसेपर्यंत.

फिजीचा सामना असला की मात्र वातावरण पालटतं. "तोसो विती!" म्हणजे चल फिजी, पुढे हो. ते सुरू झालं की शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही. एका संध्याकाळी माझ्या बाजूला नौसोरीच्या एक आंटी होत्या, मांडीवर भुजाचं, म्हणजे इथल्या चिवड्याचं, पाकीट, अंगावर मुलाचा रेनकोट. गिरमिटियांच्या, म्हणजे उसाच्या मळ्यांवर करारावर आणलेल्या भारतीय मजुरांच्या, चौथ्या पिढीतल्या. फिजीची फुटबॉल संघटना 1938 साली सुरू झाली तेव्हा ती फक्त भारतीय वंशाच्या लोकांची होती, आणि जिल्हाजिल्ह्यांची स्पर्धा तेव्हापासून चालत आलेली. आंटींचे वडील त्यांना लहानपणी लॉरीत बसवून ते सामने बघायला न्यायचे. मैदानाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हमार टाइम लड़की लोग खाली देखत रहिन. अब खेले." नुसतं बघत होत्या, आता खेळतात. आणि ते म्हणताना त्यांनी भुजाची मूठ लेकीच्या हातात ओतली. मैदानात खेळणाऱ्या बहुतेक मुली इतौकेई, म्हणजे इथल्या मूळच्या, ज्यांच्या घरात रग्बीचं वेड पिढीजात. आंटी त्यांना नावाने हाका मारत होत्या, स्वतःच्या नातींना माराव्यात तशा.

सामना संपला की बऱ्याचशा संघांच्या मुली मध्यावर गोल करून गातात. भजनच ते, चर्चमधलं, पण तीन-चार सुरांत भरलेलं. मी शाळेत पेटी वाजवायचे, त्यामुळे कान जरा तयार आहे. सांगते, घाम आणि चिखल अंगावर असताना इतकं सुरात गाणं सोपं नाही. शेवटची शिट्टी झाली म्हणून लगेच उठू नका. ही पाच मिनिटं तिकिटातच धरलेली आहेत असं समजा.

आता तो अर्धा तारा. न्यूझीलंड. ऑस्ट्रेलिया 2006 मध्ये आशियाई महासंघात गेली, आणि तेव्हापासून या वयोगटातलं मुलींचं विजेतेपद 2023पर्यंत एकदाही न्यूझीलंडच्या हातून निसटलं नाही. पन्नास लाखांचा देश, आणि समोर कुणी एक लाखाचा, कुणी दोन लाखांचा. त्यांच्या मुलींचा काही दोष नाही. त्या छान खेळतात, हरलेल्यांशी नीट वागतात. पण त्यांचा सामना विसाव्या मिनिटाला संपलेला असतो आणि उरलेली सत्तर मिनिटं आपण समोरच्या गोलकीपरसाठी देवाचा धावा करत बसतो. अंतिम सामन्यातही समोर घरचं फिजी होतं, स्टेडियम जीव तोडून ओरडत होतं, तरी न्यूझीलंड हरेल असं एकदाही वाटलं नाही. म्हणून म्हणते, एकच दिवस असेल तर फायनलला जाऊ नका.

उपांत्य सामन्याला जा. वीस वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपला ओशनियातून दोन संघ जाणार होते, म्हणजे उपांत्य जिंकला की विमानाचं तिकीट हातात आणि हरला की घरी. खरी फायनल तीच. त्याच्याही आधी, जमलं तर, दोन छोट्या देशांमधला गटसामना बघा, ज्याचा निकाल सकाळी वर्तमानपत्रात दोन ओळींत येतो. दोन्ही बाजूंना समान भीती, समान आशा. एक कॉर्नर मिळाला तर साजरा करतात.

याच मैदानावर एक वर्ष आधी, जुलै 2022 मध्ये, मोठ्या बायकांच्या अंतिम सामन्यात पापुआ न्यू गिनीने फिजीला 2-1 असं हरवलं होतं. न्यूझीलंड मोठ्या बायकांच्या वर्ल्ड कपचा सहयजमान म्हणून आधीच पात्र, त्यामुळे त्या स्पर्धेत नव्हतं. काय सामना झाला होता! एकजण बाजूला झाला की बाकीच्यांमध्ये किती चुरस आहे ते तेव्हा कळलं. महासंघाने या मुलींनाही असे सामने जास्त द्यावेत, न्यूझीलंडला शेवटच्या टप्प्यात आणावं, असं मला मनापासून वाटतं. पाच-सहा बरोबरीचे सामने खेळून पोरी जितकं शिकतील तितकं बारा गोल खाऊन नाही शिकणार.

व्यवहाराचं थोडं. सुवात कोरडा हंगामही ओलाच असतो, वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणारं शहर आहे. छत्री नेऊ नका, मैदान समुद्राकाठी, वाऱ्याने उलटते. रेनकोट, आणि बसायला जुना टॉवेल. छप्पर असलेल्या बाजूला बसा. खाण्यापिण्याचं बरं आहे; रोटी पार्सल गरम मिळालं तर सोन्याहून पिवळं, बटाट्याचं नाहीतर चिकनचं. एका ठेल्यावर मात्र मला दोनदा गार चहा दिला, वर साखर इतकी की चमचा उभा राहावा. दुसऱ्या दिवसापासून मी थर्मास नेला. दोन्ही संघांच्या यादीचा फोटो आधीच फोनमध्ये ठेवा, पाठीवरच्या नंबरावरून नाव शोधता येतं. नावाने हाक मारलेली त्या मुलींना ऐकू जाते. मागे वळून बघतात.

फिजीच्या मुली पुढच्या वर्षी, 2024 मध्ये, त्या वीस वर्षांखालच्या वर्ल्ड कपसाठी कोलंबियाला गेल्या. ब्राझील, कॅनडा, फ्रान्स, असा गट. तिन्ही सामने मोठ्या फरकाने हरल्या, एक गोलही करता आला नाही. आमच्याकडे सकाळ होती. लेकीने शाळेचा गणवेश घालून, दात घासायचा ब्रश तोंडात तसाच ठेवून मोबाइलवर पाहिलं, आणि प्रत्येक अडवलेल्या चेंडूला टाळी वाजवली.

आता ती मागच्या अंगणात गोलकीपर होते. दोन कुंड्यांचा गोल, आणि हातात माझे बागकामाचे ग्लोव्ह्ज, तिला कोपरापर्यंत येतात. काल भाजी निवडत होते तर दारात येऊन उभी राहिली, एक पाय पुढे केला आणि म्हणाली, "आई, लेस."