टीव्हीला वायर ओढावी की वायफायवर भागवावं?

कनेक्शन आलं, राउटर बसला, टीव्ही भिंतीवर चढला, ॲपमध्ये लॉगिनही झालं. यानंतर उरणारा प्रश्न बहुतेक जण स्वतःला विचारतच नाहीत: राउटरपासून टीव्हीपर्यंत नेट हवेतून न्यायचं की वायरीतून? मीही विचारला नव्हता. टीव्हीनं वायफायचा पासवर्ड मागितला, मी दिला, विषय संपला. वर्षभरानं तो परत उघडावा लागला.

वायफायची बाजू लंगडी नाही, हे आधीच सांगतो. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील, मधे भिंत नसेल आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झचा बँड (वायफायचा वेगवान पट्टा, २.४ चा त्याहून संथ) पकडत असेल, तर वायरीच्या भानगडीत पडायचं काही कारण मला दिसत नाही. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस आणि फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरेसे मानतं. एवढं तर कुठलाही बरा राउटर हवेतून सहज देतो. भिंतीला भोकं नाहीत, दारावरून लोंबणारं काही नाही, उद्या टीव्ही दुसऱ्या खोलीत न्यायचा तर उचलायचा आणि न्यायचा. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तर हा मुद्दाच पुरेसा आहे.

माझ्याकडे मात्र राउटर एका खोलीत, टीव्ही दुसऱ्या टोकाला, मधे दोन भिंती. स्पीड टेस्ट लावली की टीव्हीवर १५०–१८० एमबीपीएस दिसायचे, म्हणून मी निर्धास्त होतो. आणि सिनेमा, मालिका बघताना खरंच काही जाणवायचं नाही. कारण असल्या गोष्टी ॲप पुढचा बराच भाग आधीच उतरवून ठेवतं. मधे दहा सेकंद वायफायनं दगा दिला तरी साठ्यातून भागतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. लाइव्ह मॅचला तो साठा नसतो. जे आत्ता घडतंय तेच येणार, पुढचं आणणार कुठून? साठा चार-दोन तुकड्यांचा, तेवढ्यात सिग्नल सावरला नाही की चित्र आधी पुसट होतं, मग गोल फिरायला लागतं. आणि एकदा पुसट झालं की ॲप चटकन वरच्या दर्जावर जात नाही, चाचपडत, अंदाज घेत चढतं. चेंडू दिसत नाही, फलंदाजाचे हात तेवढे हलतायत, असं पाच-पाच मिनिटं.

तरी तेवढ्यावर मी वायर ओढली नसती. वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. मी ऑफिसात असताना फोन यायचा.

‘अरे, ते परत गोल गोल फिरतंय रे.’

‘बाबा, तो राउटर बंद करून परत चालू करा.’

‘कुठला, दिवे लुकलुकतात तो? त्याला दोन वायरी आहेत.’

‘काळी वायर काढा.’

‘दोन्ही काळ्याच आहेत.’

आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. राउटर चालू-बंद केला की दोन दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच. मी घरी असलो की रोग कधी दिसायचाच नाही. अखेर एका रविवारी टीव्हीसमोर ठाण मांडून सेटिंग्ज बघत बसलो, तेव्हा लक्षात आलं की टीव्ही अधूनमधून ५ गिगाहर्ट्झ सोडून २.४ वर उतरतो आणि तिथंच बसून राहतो. २.४ चा बँड भिंती चांगल्या भेदतो, पण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे बँडमधल्या सिग्नलच्या वाटा, तीनच: १, ६ आणि ११. त्यात शेजारपाजारच्या सगळ्या राउटरची गर्दी, वर मायक्रोवेव्हही साधारण त्याच फ्रिक्वेन्सीवर. ५ वरून टीव्ही खाली का उतरायचा, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. राउटरचा चॅनल ‘ऑटो’वर होता आणि ५ गिगाहर्ट्झचे काही चॅनल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. तिथे राउटरला रडारची चाहूल लागली की तो चॅनल सोडावा लागतो आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. माझा संशय त्यावर आहे. शिवाय टीव्ही भिंतीला चिकटून, अँटेना त्याच्या पाठीत, म्हणजे सिग्नल आधीच अर्धमेला.

चॅनल हातानं बदलून पाहिला, दोन्ही बँडना वेगळी नावं देऊन टीव्हीला ५ वरच बांधून पाहिलं. फरक पडला, फोन कमी झाले. बंद झाले नाहीत. मग वायर आणली.

इथे एक गंमत आहे, ती कळली नाही तर माणूस वायर लावून पस्तावतो. बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट, म्हणजे नेटची वायर खोचायची जागा, १०० एमबीपीएसचंच असतं, महागड्यांचंसुद्धा. वायर लावून स्पीड टेस्ट घेतली तर माझ्याकडे आले ९४. हवेतून १८०, वायरीतून ९४! माझ्या एका मित्रानं हा आकडा बघून त्याच संध्याकाळी वायर काढून टाकली. पण टीव्हीला १५ लागतात तिथे ९४ काय आणि १८० काय. वायफायचे १८० हे त्या क्षणाचे असतात, पुढच्या क्षणी १२ असू शकतात. वायरीचे ९४ सकाळी ९४ आणि मॅचच्या शेवटच्या षटकातही ९४, निदान राउटरपासून टीव्हीपर्यंत तरी. मागूनच नेट कमी आलं तर वायर काय करणार, ते वेगळं.

ओढण्याचं काम मी स्वतः केलं, साधारण १४ मीटर. लॅन केबलच्या प्रकारांपैकी कॅट ५ई पुरते, कॅट ६ घेतली तर बिघडत नाही. फक्त आतली तार पूर्ण तांब्याची आहे ना हे बघून घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. विजेच्या वायरींच्या पाइपातून लॅन केबल सरकवायचा मोह होतो, तो टाळा. केबलच्या टोकाला पिन लावताना मी पहिल्यांदा हमखास होणारी चूक केली: आठ तारा ओळीत लावल्या पण हिरवी आणि पांढरी-हिरवी शेजारी शेजारी ठेवली. दिसायला तेच नीट दिसतं. खरा क्रम पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी निळ्याच्या दोन्ही बाजूंना फाकते. दुसरी पिन लावली, खटकन बसली, पोर्टचा दिवा लागला. हे नको असेल तर पिना लावलेली तयार केबल घ्या, भोक मात्र पिनेएवढं मोठं पाडावं लागेल.

वायरीची गैरसोय नाही असं नाही. दाराच्या चौकटीवरून गेलेली पांढरी रेघ आईला अजून खुपते. भिंतीवरच्या टीव्हीमागे हात घालून पोर्ट शोधणं म्हणजे शिक्षा आहे. आणि शेजारच्या घरातला जल्लोष तुमच्या आधी ऐकू येतो, ते दुखणं वायरीनं जात नाही, स्ट्रीमिंगचा उशीर मुळातच आहे. टीव्हीच्या मागे खोचायची स्ट्रीमिंग स्टिक वापरणाऱ्यांना वेगळा लॅन ॲडॅप्टर लागतो, आणि तो तुमच्या स्टिकला चालतो का हे आधी बघावं लागतं.

मेशचा, म्हणजे घरभर दोन-तीन डबे ठेवून वायफाय पसरवण्याचा, मधला मार्ग मी वापरलेला नाही, एका नातेवाइकांकडे बघितलाय. बरा वाटला. त्यातही त्यांनी टीव्हीजवळच्या डब्यातून टीव्हीला छोटी वायर दिली होती, हे मी मनात नोंदवून ठेवलं. संपूर्ण घरातच सिग्नल रडत असेल तर त्याचा विचार जरूर करा. नुसत्या टीव्हीपायी मला तो खर्च पटला नाही.

वायर लावून आता दीड वर्ष होत आलं. ‘गोल फिरतंय’ असा फोन या काळात दोनदा आला, आणि दोन्ही वेळा अख्ख्या घराचंच नेट गेलेलं होतं. तुमच्याकडे राउटर जवळ असेल तर तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, नव्हे, असेलच. म्हणून ड्रिल मशीन काढण्याआधी कुणाकडून तरी लांब केबल मागून आणा, तशीच जमिनीवरून टाका आणि आठवडाभर टीव्ही बघा. चार वेळा पायात येईल, येऊ दे.